लेना नदीचा कार्बन कुठे जाणार हे वारा ठरवतो

रशियाच्या अगदी उत्तर टोकाला लापतेव समुद्र आहे आणि त्याला लागूनच पूर्वेला पूर्व सैबेरियन समुद्र. आपल्याकडे शाळेच्या नकाशात ह्यांची नावं असतात पण लक्षात कुणाच्या राहत नाहीत, वर्षातले आठ-नऊ महिने तर दोन्हीवर बर्फच असतो. तरी पृथ्वीच्या कार्बनचा हिशोब करणाऱ्या लोकांचं ह्या दोन समुद्रांवर फार बारीक लक्ष असतं. आणि त्यांना तिथे एक विचित्र गोष्ट दिसते. एका वर्षी सप्टेंबरमध्ये जहाज घेऊन गेलं तर पूर्व सैबेरियन समुद्रात लेना नदीचं तपकिरी पाणी शेकडो किलोमीटर पसरलेलं सापडतं, आणि दुसऱ्या एखाद्या वर्षी त्याच महिन्यात त्याच जागी गेलं तर पाणी बऱ्यापैकी स्वच्छ आणि खारट, नदीचं पाणी भलतीकडेच म्हणजे सरळ उत्तरेला निघून गेलेलं. नदी तीच, पाणी साधारण तेवढंच, मग फरक कशाने पडला? तर वाऱ्याने. त्या उन्हाळ्यात आर्क्टिकवर हवेचा दाब कुठे जास्त होता आणि कुठे कमी, त्यामुळे वारे कुठून कुठे वाहिले, ह्यावर ते सगळं ठरतं.

आधी नदी काय आणते ते बघू. लेना नदी बैकल सरोवराच्या जवळच्या डोंगरात उगम पावते आणि चार हजार किलोमीटरपेक्षा जास्त वाहून लापतेव समुद्राला मिळते, तिचं पाणलोट क्षेत्र जवळपास २५ लाख चौरस किलोमीटर आहे आणि त्यातली बहुतेक जमीन पर्माफ्रॉस्ट, म्हणजे खाली कायम गोठलेली. ह्या गोठलेल्या जमिनीत हजारो वर्षांचं गवत, मुळं, शेवाळं, पाचोळा न कुजता पडून आहे कारण थंडीत जिवाणूंचं काम जवळजवळ बंद पडतं. सगळ्या उत्तर ध्रुवीय भागातल्या अशा जमिनीत मिळून साधारण १,५०० अब्ज टन सेंद्रिय कार्बन आहे असा अंदाज आहे, आज वातावरणात जेवढा कार्बन आहे त्याच्या दीडपटीहून जास्त. उन्हाळ्यात वरचा थर वितळतो, पाणी त्यातून झिरपतं आणि कार्बन सोबत घेऊन ओढ्यात, ओढ्यातून नदीत येतं.

हा कार्बन दोन रूपांत येतो आणि हे समजायला कोरा चहा डोळ्यासमोर आणा. पत्ती पाण्यात उकळली की रंग आणि अर्क पाण्यात उतरतो, तो गाळणीतून खाली जातो, आणि चोथा गाळणीत राहतो. नदीच्या पाण्यात अगदी तसंच असतं. जे विरघळलेलं आहे तो विरघळलेला सेंद्रिय कार्बन, आणि जे कणांच्या रूपात आहे, मातीला चिकटलेलं, ते कणरूप सेंद्रिय कार्बन. जहाजावर खरोखरच गाळूनच हे वेगळं करतात, फक्त गाळणी म्हणजे काचेच्या तंतूंचा एक छोटा गोल पांढरा कागदासारखा फिल्टर असतो, त्याची भोकं मायक्रॉनपेक्षाही बारीक. लेनाच्या मुखाजवळचं पाणी त्यातून काढलं की फिल्टर तपकिरी होतो आणि खाली बाटलीत येणारं पाणी गाळूनसुद्धा पिवळसरच राहतं, तो रंग त्या विरघळलेल्या कार्बनचा. हा रंग फार कामाचा आहे, त्याबद्दल पुढे येईलच.

लेना एकटी दरवर्षी ५० ते ६० लाख टन विरघळलेला कार्बन समुद्रात सोडते. आणि तो वर्षभर सारखा येत नाही. हिवाळ्यात नदीवर जाड बर्फ असतो, प्रवाह अगदी रोडावलेला, मग मे संपता संपता बर्फ फुटतो आणि पूर येतो, आणि ह्या काही आठवड्यांच्या पुरात वर्षभरातल्या कार्बनचा फार मोठा हिस्सा एकदम समुद्रात येऊन पडतो. त्यावेळी समोर समुद्र अजून गोठलेलाच असतो, पुराचं पाणी काही ठिकाणी बर्फाच्या वरून आणि बाकीचं खालून पसरतं. आर्क्टिक महासागरात जगातल्या समुद्राच्या पाण्याचा फक्त एक टक्का आहे पण जगातल्या नद्यांच्या पाण्याचा जवळपास दहावा भाग त्यात येतो, त्यामुळे नद्यांचा परिणाम इथे जेवढा जाणवतो तेवढा दुसऱ्या कुठल्याच महासागरात जाणवत नाही.

आता वारा. नदीचं पाणी गोडं आणि हलकं, समुद्राचं खारट आणि जड, त्यामुळे नदीचं पाणी वर तरंगतं, एक पातळ थर, बरेचदा पाच ते दहा मीटर जाडीचा. त्याच्या खाली पाणी एकदम थंड, खारट. हे दोन थर एकमेकांत सहज मिसळत नाहीत. आणि म्हणूनच वाऱ्याची ह्या वरच्या थरावर जबरदस्त पकड बसते, सगळी ताकद त्या पातळ थरालाच मिळते आणि तो खालच्या पाण्यावरून घसरत जातो. पण तो वाऱ्याच्या दिशेने सरळ जात नाही, आणि इथेच खरी गंमत आहे.

१८८१ मध्ये जीनेट नावाचं अमेरिकन जहाज न्यू सैबेरियन बेटांच्या उत्तरेला बर्फात चिरडून बुडालं, त्यातले बरेच लोक नंतर लेनाच्याच त्रिभुज प्रदेशात थंडीने आणि उपासमारीने गेले, कप्तान डी लाँगसुद्धा. तीन वर्षांनी त्या जहाजाचं सामान थेट ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर बर्फाबरोबर आलेलं सापडलं. नॉर्वेच्या फ्रिट्योफ नान्सेनने त्यावरून ओळखलं की सैबेरियाकडून ध्रुवाजवळून ग्रीनलंडकडे बर्फ वाहत जातोय, आणि १८९३ मध्ये त्याने आपलं फ्राम जहाज मुद्दाम त्याच भागात बर्फात अडकवून घेतलं. जवळजवळ तीन वर्षं ते वाहत राहिलं आणि १८९६ मध्ये स्वालबार्ड ह्या नॉर्वेच्या उत्तरेकडच्या बेटांच्या बाजूला मोकळं झालं. ह्या प्रवासात नान्सेनच्या लक्षात आलं की बर्फ वाऱ्याच्या दिशेने जात नाही, थोडा उजवीकडे सरकत जातो, २० ते ४० अंश. त्याचं गणित पुढे स्वीडनच्या व्हागन एकमनने मांडलं, १९०५ चा त्याचा पेपर आजही शिकवतात. पृथ्वी फिरते म्हणून उत्तर गोलार्धात वाऱ्याने ढकललेलं पाणी उजवीकडे वळतं, सगळ्यात वरचं थोडं वळतं, त्याच्या खालचं आणखी वळतं, आणि सगळ्याची बेरीज केली तर पाणी वाऱ्याच्या काटकोनात उजव्या हाताला सरकलेलं असतं. लेनासमोरचा समुद्र इतका उथळ आहे की बेरीज कायम अगदी पुस्तकी काटकोनात येत नाही, पण दिशा तीच.

आता हे लेनाच्या मुखाला लावून बघा. किनारा दक्षिणेला आहे, समुद्र उत्तरेला. समजा उन्हाळ्यात समुद्रावर कमी दाबाची क्षेत्रं जास्त आली, तर वारे त्यांच्याभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात आणि किनाऱ्यालगत वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. त्याच्या उजव्या हाताला काय, तर दक्षिण, म्हणजे किनारा. पाणी किनाऱ्यावर दाबलं जातं, तिथे साचतं, आणि किनाऱ्याला चिकटून पूर्वेकडे वाहू लागतं, दिमित्री लापतेव आणि सान्निकोव्ह ह्या दोन सामुद्रधुन्यांतून पूर्व सैबेरियन समुद्रात. आणि समजा जास्त दाबाचं क्षेत्र बसून राहिलं, तर सगळं उलट, किनाऱ्यालगत वारा पूर्वेकडून पश्चिमेला, उजवीकडे उत्तर, पाणी किनाऱ्यापासून सुटून खोल समुद्राकडे निघतं. हवेतल्या दाबाच्या एका नकाशावरून पाण्याचा रस्ता असा ओळखता येतो ह्याचं मला आजही फार कौतुक वाटतं. प्रोशुटिन्स्की आणि जॉन्सन ह्या दोन शास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये दाखवलं की अख्ख्या आर्क्टिकमध्येच वाऱ्याच्या अशा दोन अवस्था आलटून पालटून येतात, एकेक अवस्था साधारण पाच ते सात वर्षं.

मग रस्ता बदलला तर बिघडलं काय, कार्बन समुद्रातच आहे ना? असं वाटणं साहजिक आहे, पण सगळा मुद्दा इथेच आहे.

पूर्वेच्या रस्त्याने गेलेलं पाणी उथळ समुद्रात अडकतं. पूर्व सैबेरियन समुद्र सरासरी पन्नासेक मीटर खोल, मोठा भाग त्याहून उथळ, आणि पाणी तिथून बाहेर पडायला वर्षं लागू शकतात. ह्या काळात जिवाणू तो कार्बन खात राहतात, उन्हाळ्यात सूर्यप्रकाशही त्याचे मोठे रेणू तोडतो मग ते खाणं आणखी सोपं होतं, आणि खाऊन झाल्यावर बाहेर पडतो कार्बन डायऑक्साइड. त्यातला काही हवेत जातो आणि उरलेला पाण्यात विरघळून पाणी जास्त आम्लधर्मी करतो. पूर्व सैबेरियन शेल्फवरचं, म्हणजे किनाऱ्यापासून पसरलेल्या ह्या उथळ समुद्रतळावरचं, पाणी इतकं आम्लधर्मी झालेलं आहे की अरॅगोनाइट, म्हणजे ज्याची कवचं बरेच छोटे समुद्री जीव बनवतात तो चुना, त्यात टिकत नाही, आणि २०१६ मध्ये सेमिलेतोव्ह आणि सहकाऱ्यांनी ह्याचं मुख्य कारण जमिनीवरून आलेल्या कार्बनचं कुजणं आणि नदीचं गोडं पाणी हेच सांगितलं. बाकी जगात समुद्र आम्लधर्मी होतो तो प्रामुख्याने हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून, इथे उलट जमिनीचा कार्बन समुद्रात येऊन कुजतो आणि पाणी हवेला कार्बन डायऑक्साइड परत देतं. शिवाय ते तपकिरी पाणी प्रकाश अडवतं, खाली सूक्ष्म शैवालांना ऊन कमी पोचतं, म्हणजे कार्बन शोषून घेणारी बाजूसुद्धा लंगडी पडते, आणि तेच तपकिरी पाणी ऊन शोषून वरचा थर जास्त तापवतं.

उत्तरेला गेलेल्या पाण्याचं वेगळं. ते शेल्फ लवकर सोडतं, ट्रान्सपोलर ड्रिफ्ट नावाच्या त्याच प्रवाहात शिरतं ज्यातून फ्राम गेलं होतं, बर्फाखालून, गोठणबिंदूच्या आसपासच्या थंडीत, अंधारात. तिथे कुजणं हळू. त्यातला बराच कार्बन विरघळलेल्या रूपातच ग्रीनलंड आणि स्वालबार्डच्या मधल्या फ्राम सामुद्रधुनीपर्यंत पोचतो आणि ग्रीनलंडच्या पूर्व किनाऱ्याने खाली अटलांटिककडे जातो. सैबेरियातल्या जमिनीची ती पिवळसर खूण फ्राम सामुद्रधुनीच्या पाण्यात आजही मोजता येते.

हे सगळं मोजतात कसं ते सांगायला हवं, कारण फसगत इथेच होते. जहाजावरून एक मोठी गोल चौकट केबलने पाण्यात सोडतात, तिच्यावर उभ्या नळकांड्यांसारख्या बाटल्या आणि मधे खारटपणा, तापमान, खोली मोजणारं यंत्र, शिवाय तो पिवळसर रंग चमकीवरून पकडणारा सेन्सर. प्रत्येक खोलीवर एकेक बाटली बंद करून पाणी वर आणतात. मग ग्राफ काढतात, आडव्या रेषेवर खारटपणा, उभ्या रेषेवर कार्बन. नदीचं पाणी समुद्राच्या पाण्यात नुसतं मिसळत गेलं तर सगळे ठिपके एका सरळ रेषेत येतात, एका टोकाला नदी, दुसऱ्या टोकाला समुद्र. ठिपके रेषेच्या खाली गेले तर कुठेतरी कार्बन कमी झालाय, कुजलाय किंवा तळाला बसलाय. ह्या एका साध्या ग्राफने बरीच मोठी गोष्ट कळते. ज्या वर्षी वाऱ्याने पाणी शेल्फवर अडकवून ठेवलं, त्या वर्षीचं पाणी जुनं असतं, ठिपके खाली वाकलेले मिळतात. ज्या वर्षी नुकतंच आलेलं पाणी वाऱ्याने पटकन पुढे नेलं, त्या वर्षी ठिपके रेषेवरच. आता एखाद्याने पहिल्या प्रकारच्या वर्षी मोजलं तर तो म्हणणार इथे कार्बन भराभर कुजतो, दुसऱ्याने दुसऱ्या वर्षी मोजलं तर तो म्हणणार काहीच कुजत नाही, आणि दोघांचीही मापं बरोबर. म्हणून एका मोहिमेवरून काढलेल्या आकड्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही, निदान त्या उन्हाळ्याचा दाबाचा नकाशा शेजारी असल्याशिवाय नाही. उपग्रहावरून पाण्याचा रंग दिसतो त्याची मदत होते, पण आर्क्टिकचा उन्हाळा ढगाळ असतो आणि उपग्रहाला फक्त वरचा थर दिसतो.

आतापर्यंत बोललो ते मुख्यतः विरघळलेल्या कार्बनबद्दल. कणांच्या कार्बनची गोष्ट वेगळी आहे आणि जास्त काळजी वाटावी अशी आहे. ह्या किनाऱ्यावर येडोमा नावाची माती आहे, हिमयुगात साचलेली, तिच्यात निम्म्याहून जास्त नुसता बर्फ. कडे उभेच्या उभे समुद्राला भिडलेले. लाटा खालून खातात, ऊन वरून वितळवतं, आणि मोठाले तुकडे सुटून खाली येतात, काळा चिखल आणि त्यातून लोंबणारी गवताची मुळं, जी मॅमथ फिरत होते त्या काळात गोठली होती. लेनाच्या मुखाजवळच्या टिक्सी गावाशेजारचं मुओस्ताख बेट असं दरवर्षी काही मीटरने मागे हटतंय. २०१२ च्या एका अभ्यासात सैबेरियाच्या किनाऱ्यावरून आणि समुद्राखालच्या पर्माफ्रॉस्टमधून असा वर्षाला सुमारे ४.४ कोटी टन जुना कार्बन सुटतो असा अंदाज आला, आणि त्यातला दोन तृतीयांश कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो, उरलेला परत गाळात पुरला जातो. लेनाच्या विरघळलेल्या कार्बनशी हा आकडा ताडून बघा.

आणि इथेही हात वाऱ्याचाच. लाट मोठी व्हायला वाऱ्याला मोकळं पाणी लागतं. पूर्वी किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर बर्फाची कड असायची, वादळ आलं तरी लाट उठायला जागाच नसायची. आता ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये शेकडो किलोमीटर पाणी उघडं असतं आणि तेच वादळ कितीतरी जास्त नुकसान करू शकतं. ऑगस्ट २०१२ मध्ये सैबेरियावर तयार झालेलं एक चक्रीवादळ आर्क्टिकमध्ये शिरलं, मध्यावरचा दाब ९६६ मिलिबारपर्यंत उतरला, उन्हाळ्याच्या मानाने फारच खोल, आणि त्याच सप्टेंबरमध्ये बर्फाचं क्षेत्र ३४ लाख चौरस किलोमीटरवर आलं, उपग्रहांनी मोजायला लागल्यापासूनचं सगळ्यात कमी. अशा वादळात उथळ समुद्र तळापर्यंत ढवळला जातो, वर्षानुवर्षं बसलेला गाळ उठतो, त्याला परत ऑक्सिजन मिळतो आणि जिवाणूंना नवं खाणं.

हिवाळ्यात सगळं थांबतं असं समजू नका. किनाऱ्याला घट्ट धरून राहिलेल्या बर्फाच्या बाहेर जमिनीवरून येणारा वारा तरंगता बर्फ समुद्राकडे लोटतो आणि मधे उघड्या पाण्याची लांब पट्टी पडते, त्याला पॉलिनिया म्हणतात. उणे ३० अंशांच्या वाऱ्याखाली ते पाणी लगेच गोठतं, वारा तो बर्फही पुढे नेतो, परत पाणी उघडं, परत बर्फ. लापतेव समुद्र ह्यामुळे आर्क्टिकमधला बर्फाचा मोठा कारखाना आहे. पाणी उथळ आणि ढवळलेलं असल्याने बर्फाचे कण तयार होतानाच गाळ आत पकडतात, म्हणून सैबेरियाचा बर्फ ठिकठिकाणी मळकट दिसतो, आणि तो गाळ, त्यातल्या कार्बनसकट, ट्रान्सपोलर ड्रिफ्टवर बसून ध्रुव ओलांडायचा. ओलांडायचा असं म्हणतोय कारण २०१९ मध्ये क्रुंपेन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की रशियाच्या उथळ समुद्रात बनलेल्या बर्फापैकी आता जेमतेम २० टक्के मध्य आर्क्टिकपर्यंत जातो, २००० च्या आधी ५० टक्के जायचा. बाकीचा वाटेतच वितळतो आणि अंगातला गाळ तिथेच, शेल्फच्या आसपास सोडतो.

ह्या सगळ्याच्या वर आणखी एक मोठं चक्र आहे, आर्क्टिक ऑसिलेशन. ध्रुवावरचा दाब नेहमीपेक्षा कमी झाला की ते धन, जास्त झाला की ऋण. २००५ ते २००८ च्या दरम्यान ते धन बाजूला गेलं आणि त्या काळात सैबेरियाच्या नद्यांचं पाणी ट्रान्सपोलर ड्रिफ्टने निघून जायच्या ऐवजी पूर्वेला वळून पार कॅनडाच्या बाजूच्या खोऱ्यात साठत गेलं, हे जेम्स मॉरिसन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये उपग्रह आणि पाण्याचे नमुने दोन्ही वापरून दाखवलं. २०२० च्या जानेवारी ते मार्चमध्ये तर आर्क्टिक ऑसिलेशन विक्रमी धन होतं, आणि नेमकं तेव्हाच मोझाइक ह्या आर्क्टिक संशोधन मोहिमेचं पोलारस्टर्न हे जर्मन जहाज फ्रामसारखंच बर्फात अडकवून घेतलेलं होतं, ते अपेक्षेपेक्षा बरंच वेगाने वाहत गेलं.

आपल्याकडून ह्या विषयाशी थेट संबंध येतो तो गोव्यातून. वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राचं हिमाद्री हे केंद्र २००८ पासून स्वालबार्डच्या न्यू-ऑलेसुंदमध्ये आहे आणि २०१४ मध्ये त्यांनी शेजारच्या कोंग्सफ्योर्दमध्ये (फ्योर्द म्हणजे डोंगरांमधे आत शिरलेली समुद्राची अरुंद खाडी) इंडआर्क नावाची यंत्रांची माळ पाण्याखाली उभी केली, तापमान, खारटपणा असं सगळं बर्फाच्या महिन्यांतही मोजत राहणारी. त्या फ्योर्दमध्ये २००६ च्या हिवाळ्यात वाऱ्यांनी अटलांटिकचं उबदार पाणी आत आणलं आणि त्यानंतर तिथला बर्फ पूर्वीसारखा बसलेला नाही. लेनापासून हे फार लांब, पण वारा किनाऱ्याजवळचं पाणी कसं बदलतो ते वर्षभर न थांबता मोजायचं काम तेच.

नद्यांचं पाणी वाढतंय हेही खरं, युरेशियाच्या सहा मोठ्या नद्यांचं आर्क्टिकमध्ये येणारं पाणी १९३६ ते १९९९ मध्ये ७ टक्क्यांनी वाढलं, आणि पर्माफ्रॉस्ट वितळतोय तसा कार्बनही जास्त येणार. बातम्यांत तेवढंच येतं, किती टन वाढला. पण तोच एक टन कार्बन पूर्वेला वळला तर काही वर्षांत त्याचा बराचसा भाग उथळ पाण्यात कुजून हवेत, उत्तरेला गेला तर त्यातला पुष्कळ अटलांटिकपर्यंत पाण्यातच. तेव्हा पुढच्या वेळी आर्क्टिकच्या कार्बनचा एखादा मोठा आकडा वाचनात आला तर मोजमाप कुठल्या वर्षी केलं ते आधी शोधा, आणि त्या वर्षीच्या जुलै ते सप्टेंबरचा दाबाचा नकाशा उघडून लापतेव समुद्रावर काय बसलं होतं ते बघा, नकाशे फुकट मिळतात.